धुतलेली मुळं

३ मार्च, मंगळवार

दुकान बंद केलं. दारावर पाटी लावली : नूतनीकरणासाठी काही दिवस बंद. नूतनीकरण कसलं होणार? टेबल वडिलांच्या वेळचं आहे, दिवा माझ्या वेळचा. पण पाटीवर काहीतरी लिहावं लागतं.

खरं कारण इथे लिहितो. माझे हात कापतात. हिवाळ्यात सुरू झालं. आधी चिमट्यातून स्क्रू सुटायचा. वाटलं चिमटा झिजला. नवा आणला, त्यातूनही सुटू लागला. काल एका मनगटी घड्याळाचं चक्र उचलताना चिमट्याचं टोक भलतीकडे गेलं. मोडलं काही नाही. मोडायच्या आत थांबलेलं बरं.

वडिलांना कंपवात होता. तेही घड्याळंच दुरुस्त करायचे. त्यांचंही याच वयात सुरू झालं. ते हात मांड्यांखाली दाबून बसत आणि कुणी आलं की म्हणत, थंडी फार आहे. पुढे चमचा तोंडापर्यंत पोहोचेनासा झाला. अक्षर बारीक होत होत मुंग्यांच्या रांगेसारखं झालं होतं. म्हणून ही डायरी. रोज जमेल तसं लिहायचं आणि अक्षर बघायचं.

आजचं अक्षर वाकडं आहे. बारीक नाही.

बायकोला सांगितलेलं नाही. थकलोय, थोडे दिवस घरी बसतो म्हणालो. ती ‘बरं’ म्हणाली. एका शब्दावर ती सहसा थांबत नाही.

५ मार्च, गुरुवार

घरी बसणं मला येत नाही. सकाळी स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून पुसलं आणि परत लावलं. लावताना खिळा सापडेना. तेवढ्यात बायको आली, म्हणाली, “द्या इकडे, तुम्हाला उजेड पुरत नाहीये.” उजेड भरपूर होता.

चहाला नवे मग आणलेत. मोठे, जाड कानांचे, हॉटेलात असतात तसे. जुन्या कपांना काय झालं, विचारलं.

“कंटाळा आला त्यांचा.”

चहाही अर्धाच ओतते. संपला की पुन्हा ओतते. काटकसरीचं नवीन खूळ असेल.

दुपारी म्हणाली, “अहो, पुढच्या अंगणात गुलाब लावायचे का?”

“गुलाब? तुला तर फुलांनी शिंका येतात.”

“लांबून बघीन.”

“कधीपासून आवडतात?”

“पहिल्यापासून. तुम्ही कधी विचारलंत?”

नर्सरीचा पत्ताही तिच्याकडे तयार होता. इतकी वर्षं एका घरात राहून ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. असो. कुदळ घट्ट धरली की हात कापताना दिसत नाही. मी हो म्हणालो.

८ मार्च, रविवार

खड्डे खणायला घेतले. दोरी लावून रेघ सरळ केली, पट्टीने अंतर मोजलं, प्रत्येक खड्ड्याची खोली सारखी ठेवली.

शेजारच्या मास्तरीणबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज झाला नाही. त्यांची बाग आमच्या गल्लीत सगळ्यांत चांगली आहे आणि हे त्यांना माहीत आहे.

“काय हो, झाडं लावताय की कपाट बसवताय?”

“सारख्या अंतरावर असलेली बरी.”

“असू देत. गुलाबांना मोजता येत नाही.”

मी वर बघितलं. त्या म्हणाल्या, “डोळे वटारू नका. तुमच्यापेक्षा जास्त मी वटारलेत, आणि पगार घेऊन.”

मी डोळे वटारले नव्हते. नुसतं बघितलं होतं.

घामाने शर्ट भिजला. काढून कुंपणावर टाकला आणि बनियनवर काम केलं. बायको दारात स्वेटर घालून उभी होती. म्हणाली, “अंगावर काहीतरी घ्या. गार वारा आहे.” मला तर उकडत होतं. कष्टाने अंगात ऊब येते, एवढं तिला कोण सांगणार.

१२ मार्च, गुरुवार

बागकाम अंगी लागतंय. पोट उतरलं. पट्ट्याला आणखी एक भोक पाडलं. पाडताना टोचा दोनदा घसरला, पण पडलं. भूकही दणकून लागते. आज जेवणानंतर तासाभरात उभ्याउभ्या पाव-लोणी खाल्लं. बायको बघत होती. मी म्हणालो, “तरुण होतोय.” ती हसली नाही.

जिना चढलो की छाती धडधडते. तेही कष्टामुळेच असणार. सवय नाही.

सकाळी शर्टाची बटणं ती लावून देते. म्हणते काजं आवळलीत, धुऊन आटलेत शर्ट. सगळेच शर्ट एकदम कसे आटले कळत नाही. साबण बदलला असेल.

हात तसेच आहेत. मांडीवर ठेवले की शांत. पुढे केले, काही धरलं, की बारीक थरथर. बिघाड कुठे आहे ते शोधायची सवय आहे म्हणून बघत बसतो. पण हे यंत्र उघडता येत नाही.

१५ मार्च, रविवार

रोपं आणली. सहा. नर्सरीवाल्याने प्रत्येक रोपाचा जोड दाखवला, जिथे जंगली खोडावर चांगल्या गुलाबाचा डोळा बांधलेला असतो. “हा मातीच्या वर राहू द्या,” म्हणाला. “पिशवी फाडायची आणि लावायचं. सोपं आहे.” बायकोने पैसे दिले, पावतीवर सहीही तिनेच केली. मी पाकिटात हात घालत होतो तोवर सगळं झालं होतं.

सबंध दुपार लावण्यात गेली. काम मनासारखं झालं. पिशव्या फाडल्या तर आत चिकट मातीचा गोळा, त्यात खडे, कुजकी पानं, कसलीशी अंडी. असं कसं बसवायचं? आमच्या घड्याळांच्या कामात नियम आहे, उघडलं की आधी धुवायचं. टब भरून घेतला. एकेका रोपाची माती सोडवली, मुळं नळाखाली धरली, गुंतलेली मऊ ब्रशने सोडवली. पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडली, तेव्हा बघत राहावंसं वाटलं. इतकी बारीक मुळं, आणि एकही माझ्या हातून तुटलं नाही. निदान मला दिसलं नाही. दोन तास उन्हात ठेवून नीट वाळवली. मग लावली.

खूप दिवसांनी हातांनी काहीतरी पुरं केलं.

संध्याकाळी बायको न्हाणीघरात फोनवर बोलत होती. लेकीशीच असणार. नळ सोडून बोलते. नुसतं पाणी वाहत होतं. ओरडलो. तिने नळ बंद केला आणि बाहेर येऊन म्हणाली, “चुकलंच.” मला जास्त राग आला.

१८ मार्च, बुधवार

पानं मलूल आहेत. दोन रोपांनी माना टाकल्यात.

मास्तरीणबाई आत आल्या, फाटक न वाजवता. बोटाने माती उकरली.

“पाणी देताय?”

“सकाळ-संध्याकाळ.”

“मग असं का? गोळा फुटला का लावताना?”

“कसला गोळा?”

“मातीचा. मुळांना असतो तो.”

“तो काढला. मुळं स्वच्छ धुतली, वाळवली, मग लावली.”

त्यांनी मातीचं बोट पदराला पुसलं. मग अगदी हळू म्हणाल्या, “वाळवली?”

“उन्हात.”

“इस्त्री नाही केली?”

मग आवाज मूळपदावर आला. पानांवर आलेल्या रोपाची माती कुणी काढतं का, मुळांना जी केसासारखी टोकं असतात तीच पाणी पितात, ती ब्रशने घासून उन्हात वाळत घातलीत, आणि वर विचारता मलूल का. नर्सरीवाल्याने सांगितलं नव्हतं, म्हणालो. “तो बिचारा काय काय सांगणार? झाड उलटं लावू नका हेही त्याने सांगितलं नसेल.”

बायको दारातून ऐकत होती. वाटलं, आता हीही सुरू होणार. ती म्हणाली, “असू दे हो. त्यांनी किती मन लावून केलं.”

मास्तरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणला. फांद्या निम्म्या छाटायला सांगितल्या, वर गोणपाटाची सावली करायला सांगितली. कात्री त्यांनीच धरली. म्हणाल्या, “माझी कात्री मी कुणाला देत नाही.” मी मागितली नव्हती.

२१ मार्च, शनिवार

सगळी पानं गळली. गोणपाटाखाली सहा काटक्या.

मला दुसरं काही सुचत नाही. वडिलांनी दुकान बंद केलं त्या वर्षी तेही असंच काही ना काही करत होते. खुर्च्या रंगवल्या. रंग सगळीकडे लागला होता. आईने बोलणं एका शब्दानेही कमी केलं नव्हतं, शेवटपर्यंत त्यांच्याशी भांडली. मी तेव्हा तिच्यावर चिडायचो.

माझी बायको भांडत नाही. ओल्या बुटांनी घरात आलो, काही बोलली नाही. मागून पुसून घेतलं. मवाळ झालीय. वय झालं असेल.

झोप लागत नाही.

२४ मार्च, मंगळवार

बायकोचा गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरकडे गेलो. गुडघ्याचं मला सकाळीच कळलं. काल ती स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी काढत होती. सोबत या म्हणाली, म्हणून गेलो.

डॉक्टर तरुण आहे, केसांत पेन्सिल खोचून बसते. गुडघा एकदा वाकवून बघितला. “छान आहे. चालत राहा.” मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

“आणि तुम्ही?”

“मी सोबत आलोय.”

“आलाच आहात तर हात पुढे करा बघू.”

बायकोकडे बघितलं. ती भिंतीवरचं दात घासण्याचं चित्र बघत होती. हात पुढे केले. डॉक्टरने बोटांवर एक कागद ठेवला. कागद वाजायला लागला. त्या खोलीत तेवढाच आवाज होता. इतक्या दिवसांची माझी लपवाछपवी, आणि एका कागदाने सगळं चव्हाट्यावर आणलं. बायको अजून चित्रच बघत होती.

“आता मांडीवर ठेवा.”

ठेवले. थांबले.

“वडिलांचे कसे कापायचे?”

“मांडीवर असले की कापायचे. काही उचलायला गेले की, निदान सुरुवातीला, थांबायचे.”

“आणि तुमचे?”

“उलट.”

डॉक्टर थांबली. तिने नाडी मोजली, मान चाचपली, पाणी प्यायला लावून पुन्हा मान चाचपली. उकडतं का? वजन? भूक? झोप? चिडचिड? मी म्हणालो, मी चिडत नाही. बायको पहिल्यांदा बोलली : “मी बाहेर जाऊ का?”

रक्त घेतलं. शुक्रवारी कळेल.

वडिलांचं डॉक्टरला कुणी सांगितलं, कोण जाणे. जुन्या कागदांत असेल.

चालत घरी आलो. फाटकापाशी मी म्हणालो, “हातांना जरा थरथर आहे.”

“हो का,” ती म्हणाली.

२६ मार्च, गुरुवार

डॉक्टर ‘उलट’ ऐकून का थांबली, यावर विचार करतोय. दोन घड्याळं सारखीच मागे पडत असली तरी दोघांत बिघाड एकच असतो असं नाही. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगत आलोय. स्वतःच्या बाबतीत एकदाही मनात आलं नाही. पण आशा लावून बसायची नाही. उद्या कंपवात म्हणाली तर दुकान विकायचं. हत्यारं विकायची नाहीत. काय करायचं त्यांचं, ते सुचत नाही.

आजचं अक्षर वाचताही येत नाही. पण मोठं आहे.

२७ मार्च, शुक्रवार

कंपवात नाही.

थायरॉईड. गळ्यातली एक ग्रंथी जास्त काम करते आहे. डॉक्टर म्हणाली, घड्याळ पुढे पळतं तसं समजा. मला लगेच समजलं. घाम, भूक, धडधड, झोप, हात, सगळं त्यानेच. डोळेसुद्धा. गोळ्या दिल्या. एक गोळी थरथरीसाठी आहे, ती चार-आठ दिवसांत गुण दाखवील. दुसरी मूळ दुखण्यासाठी, ती वर्षभर तरी घ्यावी लागेल. मध्ये मध्ये रक्त तपासायचं.

“पुन्हा टेबलावर बसता येईल?”

“येईल. घाई करू नका, पण येईल.”

बायकोने विचारलं, “नक्की?”

“नक्की.”

“म्हणजे ते नाहीच?”

“ते नाही हो.”

ती उठली आणि हात धुऊन येते म्हणाली. बराच वेळ आली नाही. मी बाहेर उभा होतो, आत नळ वाहत होता. आली तेव्हा तोंडही धुतलं होतं. पदराने पुसत म्हणाली, “चला.”

रस्त्यात मी गप्पा मारत होतो. दुकान, गोळ्या, डॉक्टरच्या केसांतली पेन्सिल. ती ऐकत होती. घरी आल्यावर खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या झोपली. चहाची वेळ टळली तरी उठेना. मी उठवलं नाही. चहा मीच केला. निम्मा सांडला, निम्मा प्यायलो.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी दाढी करताना लक्षात आलं, ब्रश गालावरच फिरतोय. थांबून आरशासमोर हात पुढे धरले. थरथर आहे, पण लांबून येणाऱ्या गाडीची खिडकीला जाणवते तेवढीच. बायकोला बोलावलं. ती धावत आली, काय झालं म्हणून. दाखवलं. तिने माझ्या बोटांवर कालचं वीजबिल ठेवलं. कागद किंचित हलला, वाजला नाही.

“परत ठेव.”

तिने परत ठेवलं. मग आम्ही ते तिच्या हातांवरही ठेवून बघितलं. तिचेच जास्त हलत होते.

रात्री सलग झोपलो.

६ एप्रिल, सोमवार

गोणपाट उचललं. चार काटक्यांना लाल टोकं आली आहेत, जोडाच्या वर, भिंगाशिवाय दिसतील एवढी. तरी मी भिंग आणून बघितली. घट्ट मिटलेली, बाजूने दुमडलेली, एकेका पानाला दाते आधीच कापलेले. इतकं बारीक काम मी आयुष्यात केलं नाही.

दोन गेली. ती उपटली.

मास्तरीणबाईंना हाक मारली. त्या आल्या, वाकून बघितलं.

“यात तुमचं काही श्रेय नाही,” म्हणाल्या. “तुम्ही मारायला काही कमी केलं नव्हतंत.”

“मान्य.”

“रिकाम्या जागी काय लावणार?”

“बायकोला विचारतो. गुलाब तिलाच हवे होते.”

“तिला?” त्या म्हणाल्या. “माझ्या बागेत ती नाकाला रुमाल लावून येते.” मग माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “विचारा, विचारा.”

या बाईंना मध्येच काय होतं, मला कळत नाही.

११ एप्रिल, शनिवार

लेक आली. तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. चिमटा, आजोबा, कागद. मला वाटलं ती घाबरेल, निदान रागावेल की कळवलं नाही. ती पाव खात ऐकत होती. मध्येच म्हणाली, “बाबा, कागद कोणत्या हातावर ठेवला होता? आई म्हणाली डाव्या.”

“आईने कधी सांगितलं?”

“असंच,” ती म्हणाली आणि आईकडे बघितलं. आई नळ सोडून चहाचे मग धूत होती.

जेवणानंतर लेकीने विचारलं, “आई कशी आहे?”

“तिला काय झालंय? गुडघा दुखत होता, तोही बरा आहे.”

लेकीने माझ्या डोक्यावर हात फिरवला. लहान मुलाच्या फिरवतात तसा. मोठी झाली की ही पोरं असलं काहीतरी करतात.

१९ एप्रिल, रविवार

दुपारी दुकानात जाऊन पाटी काढली. उद्या उघडतो. सराव म्हणून माझंच जुनं मनगटी घड्याळ खोललं. चिमट्यातून एक स्क्रू सुटला, बाकीचे जागेवर बसले. संध्याकाळी खुशीत घरी आलो.

बायको दारातच उभी होती. मी आत पाऊल टाकलं आणि तिने सुरुवात केली.

“थांबा. तिथेच थांबा. हे बूट आहेत की शेत आहे? आत्ता फरशी पुसलीय मी. वाफ्यातून आलात ना? दुकानाच्या वाटेत वाफा लागतो का? नाही ना? मग सरळ घरी यायचं सोडून काटक्या बघायला गेलात. हातात दिवसभर घड्याळं, आणि जेवायची वेळ कळत नाही. आणि ते गोणपाट माझ्या ओट्यावर कुणी ठेवलं? ओटा आहे तो.”

मी बूट काढले.

“तिथे नका काढू. आणि गोळी घेतलीत दुपारची? नाही घेतली. डबीत आहे तशी आहे. मी मागे मागे फिरायचं का आता गोळी घेऊन? घेतली नाही, पण मजेत आलात शीळ घालत. सगळं लपवायचं, सगळं पोटात ठेवायचं, बायकोला काय कळतं, ती डोळे मिटून बसलेली असते घरात. थंडीभर मला एक घास गोड लागला नाही, माहीत आहे?”

“तुला काय झालं होतं थंडीत?”

ती ओल्या फडक्याने फरशी पुसायला लागली, तिथलीच, पुन्हा पुन्हा. पुसता पुसता बोलत राहिली. आवाज चढलेला, जुना, मास्तरीणबाईंकडेही ऐकू गेला असेल. टॉवेल, वीजबिल, माझा धाकटा भाऊ, गेल्या वर्षीची गळकी खिडकी, काही सोडलं नाही. हिवाळ्यापासून हा आवाज घरात नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी उंबऱ्यावर मोज्यांत उभा होतो. जागचा हललो नाही.

मध्येच ती थांबली. फडकं हातात तसंच.

“हसताय काय?”

मी हसत नव्हतो. तसं सांगितलं. मग तिने त्यावरून पुन्हा सुरुवात केली.